ओटीला जाळी बसली तो दिवस

दहिवलीच्या बुधाजीच्या ओटीवरून चोराने पितळी घंगाळ नेलं, नवा दोरखंड नेला आणि बुधाजीची एक चप्पल नेली. घंगाळाचं त्याला वाईट वाटलं, दोरखंडाचंही वाटलं. पण चपलेचा मात्र त्याला संताप आला. दोन्ही नेल्या असत्या तर बिचाऱ्याला गरज असेल म्हणून सोडून देता आलं असतं. एकच नेली म्हणजे निव्वळ आपल्याला चिडवायला नेली, असं त्याचं ठाम मत झालं आणि त्या तिरमिरीत त्याने ओटीला लोखंडी जाळी बसवायचं जाहीर करून टाकलं.

जाहीर करून बरेच दिवस झाले तरी जाळी काही बसली नव्हती, कारण पाहुणे यायचे ठरल्याखेरीज घरात काही करायची बुधाजीला सवयच नव्हती. भिंतींना चुना लागे तो पाहुण्यांसाठी आणि विहिरीचा रहाट दुरुस्त होई तोही पाहुण्यांसाठीच. शेवटी एकदाचे पाहुणे ठरले. खालापूरचा वाल्मिक, कचेरीत कारकून, आपल्या मामाला घेऊन बुधाजीच्या जनीला बघायला येणार होता. रविवारी उन्हं कलली की खोपोलीच्या गाडीने.

"त्यांच्या आदी जाळी बसली पायजे," बुधाजी म्हणाला. "उघड्या ओटीचं घर बघून काय म्हनतील?"

आजवर उघड्या ओटीवर बसून सगळ्या पाहुण्यांनी पोटभर पोहे खाल्ले होते, पण हे त्याला कोण सांगणार? त्यातून कर्जतचा नेहमीचा वेल्डर नेमका सासरवाडीला गेलेला. तेव्हा सखाने नाव सुचवलं. बुधाजीची भाताची गिरणी होती आणि सखा ती चालवायचा.

"शिळफाट्याचा गजा येल. बोलवू का?"

गजाचं नाव निघताच बुधाजीने तोंड फिरवलं. त्याला कारण होतं. आदल्या साली गिरणीत भात ओतायचं पत्र्याचं नरसाळं फाटलं, तेव्हा हाच गजा ते सांधायला आला होता. शिळफाट्याला घाट चढायच्या आधी ट्रकवाले मोडलेलं काहीबाही सांधून घेत, तिथे त्याचं दुकान होतं आणि हात चांगला बसलेला होता. तरीही ते नरसाळं सांधायला तो पुन्हा पुन्हा येत राहिला आणि चहा दर वेळी जनीच घेऊन गेली. फाटलेलं नरसाळं ही एवढी वेळखाऊ गोष्ट नसते हे बुधाजीच्या ध्यानात आलं तोवर गजाचा चुलता मागणी घालायला दारात हजर होता.

"पोरगा बरा हाय, मी नाय म्हनत नाय," बुधाजीने त्याला सांगितलं होतं. "पन वेल्डर म्हंजे चाळिशीत आंधळा. माज्या पोरीनं काय जन्मभर त्याला हात धरून फिरवायचं?"

एवढ्यावर थांबला असता तर ठीक. पण आपण फार मुद्द्याचं बोललो असं वाटून बुधाजीने तेच वाक्य पुढे कर्जतच्या बाजारात ऐकवलं, स्टेशनावर ऐकवलं, सोयऱ्यांच्या लग्नांत पंगतीला बसल्या बसल्या ऐकवलं. वर्षभरात आसपासच्या सगळ्या गावांना ठाऊक झालं की, बुधाजी आपली पोरगी वेल्डरला देणार नाही म्हणजे नाही.

पण गरज पडली की माणूस मवाळ होतो. रविवारी सकाळी गजा टेंपोत सामान घालून दहिवलीत उतरला.

तो आला तो एक बेत करूनच. आपला धंदा किती सांभाळून करायचा असतो हे बुधाजीकाकांना एकदा डोळ्यांनी दाखवायचं, म्हणजे त्यांची भीती आपोआप जाईल. म्हणून त्याने दुकानातलं सगळंच आणलं होतं. वेल्डिंगचं मशीन, गिरणीच्या मोठ्या लायनीला जोडायला जाड केबल, चामड्याचे हातमोजे, चामड्याचा एप्रन, तोंडासमोर धरायच्या काळ्या काचेच्या दोन ढाली. टेंपोतून उतरल्याबरोबर त्याने ओटीच्या कडेचा पेंढ्याचा भारा लांब नेऊन टाकला, एक बादली वाळूची आणि एक पाण्याची भरून ठेवली. येसूबाईने, म्हणजे बुधाजीच्या आईने, पाहुणे येणार म्हणून पहाटेच ओटी सारवली होती. ती अजून ओली होती. तिच्यावर गजाने कोरड्या फळ्या टाकल्या.

बुधाजी कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होता.

"वाळू कशाला रं?"

"ठिनगीबिनगी उडली तर इझवायला, काका."

"अन् फळ्या?"

"वल्या जमिनीवर शॉक बसतो. लाकडावर उभं ऱ्हायलं की बसत नाय."

"अन् हे चामडं?"

"अंग भाजू नाय म्हनून."

बुधाजी सखाकडे वळला. "बघितलंस? भाजतं, पेटतं, शॉक बसतो. त्यो आपल्याच तोंडानं सांगतोय."

आपण जेवढी काळजी घेतोय तेवढा आपला धंदा काकांना जास्त भयंकर दिसतोय, हे गजाच्या लक्षात आलं. तो अंगणाच्या बाजूने गोणपाटाचा पडदा बांधायला निघाला होता. वेल्डिंगचा झोत बघणाऱ्यांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून दुकानात तसा पडदा नेहमी असे.

"पडदा कशापायी?" बुधाजीने हटकलं. "लपवायचं काय हाय त्यात?"

आता 'डोळ्यांना लागतं' असं म्हणायचं म्हणजे आपल्याच हाताने आपल्या लग्नावर पाणी सोडायचं. गजाने गोणपाट गुंडाळून टेंपोत टाकलं. "काय नाय," तो म्हणाला, "जरा ऊन लागत व्हतं."

ऊन पलीकडच्या बाजूला होतं, पण ते कोणी बघितलं नाही.

काम सुरू झालं. चौकट उभी राहिली, गजा आडव्या सळ्या जोडत होता, तेवढ्यात जनी चहा घेऊन आली. मशीन बंद करून त्याने कप घेतला.

"दुपारच्या आत व्हईल ना?" जनीने विचारलं.

"एवढी घाई कसली?"

"पाहुनं यायचं हाईत."

"कसलं पाहुनं?"

"मला बघायला." एवढं बोलून जनी मातीकडे बघत राहिली. "आमाला बी परवाच सांगितलं. खालापूरचा हाय कोन. कारकून."

गजाने चहा संपवला. मग त्याने पुन्हा मशीन सुरू केलं, वेल्डिंगचा रॉड लोखंडाला टेकवला आणि तो तिथेच चिकटून बसला. शिकाऊ हाताला होतं तसं झालं. ज्या पाहुण्यांपुढे मिरवायला ही जाळी, ते पाहुणे आपली जनी घेऊन जायला येणार आणि जाळी आपणच सांधायची! रॉड हिसडून सोडवताना त्याला मशीन उचलून नदीत टाकावंसं वाटलं. पण घेतलेलं काम अर्धं टाकून जायचं त्याच्या हातून होईना. त्याने दुसरी ढाल जनीला दिली.

"बघायचंच असंल तर हिच्यातनं बघ. उघड्या डोळ्यानं बघू नको."

"बघितलं तर काय व्हतं?"

"हळू बोल गं. तुजा बाप ऐकंल."

जनी घरात गेली आणि खिडकीतून ढाल तोंडासमोर धरून बघत बसली. इकडे अंगणात आळी गोळा व्हायला लागली. रविवार होता, भाताची झोडणी आटोपलेली होती, आणि निळ्या उजेडात लोखंडाला लोखंड चिकटताना एवढ्या जवळून त्या आळीत कोणीच बघितलं नव्हतं. तरी लोक थोडा वेळ बघून, डोळे दिपून निघून गेले असते. पण येसूबाई बाहेर आली आणि सगळा प्रकार बदलला.

येसूबाईचा एक नेम होता. तिन्हीसांजेला दिवा लागला की हात जोडायचे. कंदिलाच्या काळात तिने कंदिलाला जोडले. वीज आली तेव्हा तिने बल्बालाही जोडले, आणि वीज जाऊन परत आली की नव्याने जोडले. आता गजाच्या रॉडपुढे तो लखलखीत निळा उजेड पेटल्याबरोबर तिने दोन्ही हात जोडून त्याच्याकडे टक लावली. गजा थांबला की तिचे हात खाली येत. रॉड पुन्हा पेटला की पुन्हा नमस्कार. तिचं बघून सोनुबाईने, म्हणजे बुधाजीच्या बायकोने जोडले, मग शेजारणींनी जोडले.

एक शेजारीण डोळ्यांवर पदर घ्यायला लागली तशी येसूबाई कडाडली, "उजेडाकडं तोंड फिरवती व्हय गं? लक्षुमी परत जाईल!"

पदर खाली आला. गजाने ढाल बाजूला करून बघितलं तर समोर सगळी आळी हात जोडून, डोळे फाडून बसलेली. आरतीचं तबक तेवढं कमी होतं.

"आजी," तो कळवळून म्हणाला, "तिकडं बघू नका हो."

"का रं?"

येसूबाईच्या मागेच बुधाजी उभा होता, आणि त्याचे कान टवकारलेले दिसत होते. गजाने ढाल पुन्हा तोंडासमोर धरली.

"शोभत नाय," तो म्हणाला.

"उजेड बघायला शोभत नाय?" येसूबाई हसली. "पोराला काय कळतंय! चालू दे तुजं."

गजाने चालू दिलं. दर सांध्याला तो मनात म्हणत होता, आता थांबावं, आता खरं सांगून टाकावं. आणि दर सांध्याला खिडकीतली ती ढाल दिसली की तोंड मिटत होतं. बुधाजी तर कामावर देखरेख म्हणून अगदी जवळ येऊन, वाकून, प्रत्येक टाका तपासत होता. दुपारच्या आत जाळी उभी राहिली. दार उघडलं, लागलं, कडी बसली. लोकांनी वाहवा केली आणि आळी आपापल्या घरी जेवायला गेली.

जेवणं झाल्यावर गजा जाळीला तांबडा गंजरोधक रंग लावायला बसला. बऱ्याच वेळाने गिरणीतून सखा डोळा चोळत आला.

"भुसा गेला वाटतं डोळ्यात," तो म्हणाला.

एवढ्यात घरात येसूबाईचा आवाज चढला. सोनुबाईने फोडणीत मिरच्या जास्त घातल्या, त्याने डोळ्यांतून पाणी येतंय, असं तिचं म्हणणं होतं. सोनुबाईच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ती म्हणत होती की कांदा जहाल निघाला. माजघरात बुधाजी आरशासमोर उभा राहून, आपल्याला शेजाऱ्याची नजर लागली असा निष्कर्ष काढत होता, कारण शेजाऱ्याच्या ओटीला जाळी नव्हती. मग शेजारीच आला. त्याचे डोळे गुंजेसारखे लाल झाले होते.

"बुधाजी, वाळू गेल्यागत खुपतंय रं डोळ्यात!"

त्याच्या मागून त्याची बायको आली, मग पलीकडची, मग त्यापलीकडची. बघता बघता अंगण भरलं. कोणी पदराने डोळे पुसतंय, कोणी मुठींनी चोळतंय, कोणाला उजेड सोसेना म्हणून भिंतीकडे तोंड करून उभं. भुसा, मिरची, कांदा आणि नजर यांतलं एकही कारण एवढ्या सगळ्यांना पुरणारं नव्हतं.

गजाच्या हातातला रंगाचा ब्रश तसाच राहिला. हे काय आहे ते त्या अंगणात त्याला एकट्याला ठाऊक होतं. गप्प बसलं तर उद्यापर्यंत सगळ्यांचं आपोआप बरं होणार होतं, हेही ठाऊक होतं. पाहुणे येतील, जातील, आपण टेंपोत बसून निघून जाऊ. कोणाला कळणारही नाही.

तेवढ्यात येसूबाई चाचपडत बाहेर आली. तिच्या एका हातात वाटी होती.

"रांगेनं बसा गं सगळ्या. कांद्याचा रस काढलाय. दोन दोन थेंब टाकते, घान निघून जाईल."

बुधाजी सगळ्यांत पुढे होता. त्याने मान मागे टाकली आणि डोळा ताणून उघडला.

"घालू नका!" गजा ओरडला. ब्रश टाकून तो धावला आणि त्याने वाटी हिसकावून घेतली. "कायबी घालू नका! चोळू बी नका कोनी! त्यो वेल्डिंगचा उजेड लागलाय तुमाला!"

डोळे चोळणारे हात जागच्या जागी थांबले.

"आमी काळ्या काचंतनं बघतो म्हनून आमाला कायबी व्हत नाय," गजा म्हणाला. "तुमी उघड्या डोळ्यानं बघितलं. मी सकाळीच सांगायला पायजे व्हतं. पडदा बी आनला व्हता. पन काकांनी आदीच धंद्याला नाव ठेवलं व्हतं, म्हनून मी भ्यालो. चूक माजी हाय."

"म्हंजे माजं डोळं गेलं!" बुधाजीने कपाळावर हात मारला. "आये, मी आंधळा झालो गं!"

"नाय गेलं, काका. उद्या सकाळपत्तर साफ उतरंल. आमच्या उस्तादानं शिकताना मला बी एकदा असंच रडवलंय. गार पान्याच्या पट्ट्या ठेवा अन् डोळं मिटून पडा, बास. उद्या दिसलं नाय तर मला झाडाला बांधा."

मग गजा कामाला लागला. जनीने धडाधड धोतरं आणि जुनेर फाडलं, त्याने विहिरीचं पाणी काढलं. अंगणात आणि ओटीवर माणसं ओळीने बसली, पट्ट्या डोळ्यांवर आणि पट्ट्यांखालून ओघळणारं पाणी. बुधाजीला त्याने हाताला धरून ओटीवरच्या सतरंजीवर नेऊन बसवलं.

आणि नेमके त्या वेळी खालापूरचे पाहुणे अंगणात शिरले.

वाल्मिकचा मामा पदू हा बोलणी करण्यात पटाईत समजला जाई. असलं अंगण बघून तो जागच्या जागी थांबला. मग त्याने हळूच डोक्यावरची टोपी काढली, वाल्मिकलाही कंगवा खिशात ठेवायला लावला, आणि मान खाली घालून ओटीवर येऊन सतरंजीच्या कडेला बसला.

"कवा झालं?" त्याने खालच्या पट्टीत विचारलं.

"आज सकाळी," बुधाजी म्हणाला. "जाळी बसवताना."

पदूमामाने जाळीकडे बघून सुस्कारा सोडला. "वय काय व्हतं?"

"कोनाचं वय?"

उत्तर यायच्या आत आतून जनी पोह्यांच्या ताटल्या घेऊन आली. पाहुण्यांपुढे हसतमुख राहायचं, असं आईने तिला सकाळपासून बजावलं होतं. ती हसतमुख होती. डोळे कोरडे ठणठणीत आणि टपोरे. पदूमामाने वाल्मिकच्या मांडीला चिमटा काढला.

"घरात मयत अन् पोरगी हसती," तो कुजबुजला. "बघून ठेव."

"मयत नाय, मामा," जनी म्हणाली. "आमच्या आळीत सगळ्यांचं डोळं लाल झाल्यात."

याने मयतीपेक्षा जास्त घबराट झाली. मध्यंतरी डोळ्यांची साथ आली तेव्हा खालापुरात घरंच्या घरं अंथरुणाला खिळली होती. वाल्मिकने पोह्यांचा घास तोंडाशी नेला होता तो तसाच खाली ठेवला आणि कुठे हात लागू नये म्हणून दोन्ही हात खिशात घातले. पदूमामाने डोळ्यांनीच दाराकडे खूण केली. दोघे उठले आणि चवड्यांवर चालत ओटीच्या पायरीशी आले. घाईत बूट चढवताना वाल्मिक जाळीला टेकला. सरळ झाला तेव्हा त्याच्या पांढऱ्या बुशशर्टाच्या पाठीवर नव्या जाळीची तांबडी नक्षी स्वच्छ उठली होती. ती पाठीवर घेऊन तो मामाच्या पुढे धावत स्टेशनाच्या वाटेला लागला.

जनी त्यांना हाक मारू शकली असती. तिने ताटल्या उचलल्या आणि ती आत गेली.

बुधाजी, सोनुबाई, येसूबाई डोळ्यांवर पट्ट्या घेऊन तसेच बसले होते. गजा गार पाण्याची कळशी घेऊन आला आणि बुधाजीची पट्टी बदलायला खाली वाकला. तोच बुधाजीने हवेत हात फिरवला आणि त्याचा हात पकडला. क्षणभर तो हात त्याने तसाच धरून ठेवला, अंगठ्याने चाचपला.

"या, जावईबापू," तो म्हणाला.

गजाने तोंड उघडलं.

"बोलू नका!" बुधाजीने दटावलं. "थोरामोठ्यांच्यात पोरानं बोलायचं नसतं. मी बोलतो, तुमी ऐका. माजी जनी कामाची हाय. तिला फटकळ बोललेलं खपत नाय, पन मन लावून संसार करंल. तुमचं काम बी मला पसंत हाय अन् तुमी बी पसंत हाईसा."

"पसंत?" पट्टीखालून सोनुबाई चकित झाली. "अवो, पाहुनं अजून पोहे बी खाऊन झालं नसतील!"

"पोहे काय पळून चाललं नाईत. नारळ कुठं हाय?"

सोनुबाईने चाचपडत ताट पुढे सरकवलं. त्यातला नारळ आणि सुपारी बुधाजीने गजाच्या तळहातावर ठेवली आणि वरून आपला हात दाबला.

"आये, सोनू, आळीवाल्यांनो, सगळ्यांनी ऐका. बुधाजीनं पोरगी दिली!"

"लई बरं झालं," सगळं अंगण पट्ट्यांखालून म्हणालं. कोणाला दिली हे बघायला त्यांतल्या एकाचेही डोळे उघडे नव्हते.

गजाने दाराकडे बघितलं. दारात जनी तोंडावर पदर दाबून उभी होती. तिला हसू येतंय की रडू, हे त्याला काही केल्या कळेना. तो नारळ घेऊन उठला आणि थेट विहिरीवर गेला.

रात्रभर तो गिरणीत भाताच्या पोत्यांवर पडून राहिला. टेंपो घेऊन निघून जाता आलं असतं, पण उद्या दिसलं नाही तर झाडाला बांधा, असं सांगून बसला होता. शिवाय तो नारळ. दुसऱ्याच्या नावाचा नारळ घेऊन पळून जायचं त्याला जमेना आणि तो परत करायचंही जिवावर आलं होतं. जनीचीही तीच गत होती. सकाळी बाप डोळे उघडणार आणि त्याला काय झालं ते कळणार, मग तो कोणावर भडकेल आणि किती, याचा तिला अंदाज करवत नव्हता.

सकाळ झाली. बुधाजीने पट्टी काढली आणि भीत भीत डोळे किलकिले केले. आढं दिसलं. खुंटीवरचा सदरा दिसला. दारातली म्हैस दिसली, तिची शेपटी दिसली, शेपटीवरची माशीसुद्धा दिसली.

"दिसतंय!" तो ओरडला. "आये, दिसतंय गं! माशी दिसती!"

"मला बी दिसतंय," येसूबाई आतून म्हणाली. "किती दिस अंगन झाडलं नाय ते बी दिसतंय."

आळीभर हाच गलका उठला. घराघरांतून लोक बाहेर येऊन एकमेकांचे डोळे बघत होते, हसत होते. सखाने तर आनंदात सकाळी सकाळी गिरणी सुरू करून टाकली. सगळ्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं, फक्त दोघांचं सोडून.

गजा ओटीवर आला. त्याने नारळ आणि सुपारी बुधाजीच्या समोर ठेवली.

"काका," तो म्हणाला, "काल तुमी ह्यो नारळ चुकीच्या मानसाला दिला. पाहुनं तवाच पळून गेलं व्हतं. मी बोलनार व्हतो, पन तुमी बोलू दिलं नाय."

बुधाजीने आजूबाजूला बघितलं. अंगणात दोनतीन शेजारी रेंगाळत होते. त्याने गजाला जवळ बोलावलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"पाहुनं पळालं ते मी बी ऐकलं. डोळं मिटलं व्हतं, कान नाय. अन् कारकुनाच्या तळहातावर भाजल्याचं डाग कुठनं येतील रं?"

गजाने झटकन मान वर केली.

"म्हंजे तुमाला…"

"सगळ्या आळीत एकट्या तुजंच डोळं धड ऱ्हायलं. म्हंजे वेल्डराचं डोळं जात नाय, फुकट बघनाऱ्यांचं जात्यात. अन् पाहुनं यायच्या आदी तू कबूल झालास. गप बसला असतास तर कोनाला कळलं असतं? पोरगी हातची जाईल हे ठावं असून बोललास. तवाच माजं ठरलं."

"मग तवाच सांगायचं ना, काका!"

"कसं सांगनार?" बुधाजी वैतागला. "वरीसभर समद्या मुलखाला नाय नाय म्हनून सांगत फिरलो मी. उघड्या डोळ्यानं व्हय म्हनायला काय तोंड ऱ्हायलं व्हतं? डोळं मिटलेलं हाईत तवर उरकून घेतलं. आता तू गप बस अन् मला जरा वरडू दे."

असं म्हणून तो ताडकन उठला, जाळीशी गेला आणि आळीच्या टोकापर्यंत पोचेल अशा आवाजात गरजला, "फसवलं! मला आंधळा बघून फसवलं! पोरगी भलत्यालाच दिली माज्या हातनं!"

शेजारी धावले. सोनुबाई धास्तावून बाहेर आली. दाराआडून जनीच्या हातातलं भांडं खाली पडल्याचा आवाज झाला.

"मग आता मोडा की," शेजारी म्हणाला.

"मोडू कसा? शबुद गेला माजा! सगळ्या आळीच्या देखत गेला!" बुधाजीने जाळीवर हात आपटला आणि मान फिरवून हलक्या आवाजात म्हणाला, "जने, पोराला चहा टाक, काल दुपारपास्नं पोटात काय नाय त्याच्या." मग पुन्हा बाहेर बघून तो जमेल तेवढा वेळ ओरडत राहिला.